कोजागरीचे दूध आणि रात्रीचा निरोप

नवरात्रात लोणारच्या कमळजादेवीचे दर्शन घेऊन बुलढाणा जिल्ह्यातील भाविक घरी परततात आणि मागोमाग कोजागरी येते. भुलाबाईची गाणी, ज्येष्ठ अपत्याचे औक्षण आणि मध्यरात्री केशर-वेलदोडे घातलेले आटीव दूध! कोण जागे आहे हे पाहत लक्ष्मी या रात्री फिरते, अशी आपली श्रद्धा. मात्र घर जागे असले तरी देहातील एक व्यवस्था तेव्हा विसाव्याला गेलेली असते.

अंधार पडला की मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते. येल विद्यापीठातील डॉ. आरन लर्नर यांनी १९५८ साली त्याचा शोध जाहीर केला. हे संप्रेरक स्वादुपिंडालाही रात्र झाल्याचा निरोप देते आणि इन्सुलिनचा स्राव मंदावतो. रात्री यकृत आपल्या साठ्यातून मेंदूला साखर पुरवीत असते. म्हणून हा संयम हिताचाच. परंतु त्याच वेळी गोड दूध पोटात गेले, तर साखर रक्तात रेंगाळते. चांदणे इतके मंद असते की त्याने मेलाटोनिन सहसा ओसरत नाही.

स्पेनमध्ये ८४५ प्रौढांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले. निजण्याच्या चार तास आधी ग्लुकोजचे पाणी घेतले त्यापेक्षा एक तास आधी घेतले तेव्हा इन्सुलिन कमी आणि रक्तातील साखर अधिक भरली. मेलाटोनिनचा निरोप स्वीकारणाऱ्या जनुकात विशिष्ट बदल असलेल्यांस हा त्रास अधिक होतो.

म्हणून का व्रत सोडावे? मुळीच नाही. निरोगी माणसाचे एका पेल्याने काही बिघडत नाही. मधुमेही वडीलधाऱ्यांसाठी मात्र साखर घालण्यापूर्वीच थोडे दूध बाजूला काढावे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. त्यांनी चंद्रदर्शन घेऊन ते दूध लवकर घ्यावे आणि मध्यरात्री प्रसाद म्हणून चमचाभरच. पेला भरून आग्रह करू नये. दिवसभर उपवास असेल, तर गोळ्या व इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांना आधीच विचारावी. उपाशीपोटी नेहमीचे औषध घेतल्यास साखर एकाएकी उतरू शकते.

लक्ष्मीच्या स्वागतास घरातील प्रत्येक जण धडधाकट असावा, याहून मोठा नैवेद्य आम्हांस दिसत नाही.