रानाचें फाटक आणि परवान्याची पाटी

रान म्हटलें कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें सरकारी जंगल आणि त्यांतील गार्डसाहेब उभे राहतात. परंतु जगांत असेही प्रदेश आहेत, जेथें लाखों एकर रान एका खासगी कंपनीच्या मालकीचें असतें. आपला शेतकरी भाताची लावणी करतो, त्याप्रमाणें ती कंपनी डग्लस फरच्या रोपांची लावणी करते आणि चाळीस-पन्नास वर्षांनीं त्यांची कापणी करते. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील वॉशिंग्टन राज्य हें अशा प्रदेशांपैकीं एक होय. सिअ‍ॅटल शहराच्या आसपास हल्लीं मराठी कुटुंबेंही पुष्कळ आहेत, आणि सुटीच्या दिवशीं मुलांबाळांसह रानांत जाण्याची तेथील चाल त्यांच्याही अंगवळणीं पडली आहे. वाटेवरच्या बंद फाटकावर ‘परवान्याशिवाय प्रवेश नाहीं’ अशी पाटी दिसली, तर तिच्यामागें काय आहे हें जाणून घेणें म्हणूनच अगत्याचें वाटतें.

या रानांची मालकी फार जुनी नाहीं. सन १८५४ मध्यें मेडिसिन क्रीक येथील तहानें निस्क्वाली, पुयालप वगैरे मूळच्या रहिवाशांनीं आपली भूमि सोडून दिली. त्या वेळीं मोकळ्या व कोणाच्याही ताब्यांत न गेलेल्या जमिनीवर शिकार करण्याचा हक्क मात्र त्यांनीं राखून ठेवला. पुढें सन १८६४ मध्यें सरकारनें लोहमार्गाच्या मोबदल्यांत नॉर्दर्न पॅसिफिक कंपनीस मार्गाच्या दुतर्फा जमीन देऊं केली. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एक घर कंपनीचें, एक सरकारचें, अशी ती वांटणी होती. सन १९०० मध्यें फ्रेडरिक वेयरहाउझर या लाकडाच्या व्यापाऱ्यानें आपल्या भागीदारांसह त्यांतील ९ लक्ष एकर रान एकरीं ६ डॉलर दरानें विकत घेतलें. त्याच्या नांवाची कंपनी आज अमेरिकेंत सुमारें १ कोटी एकरांची धनी आहे. जमिनीला जसजसे मालक मिळत गेले, तसतशी तहांतील ‘मोकळी जमीन’ आकसत गेली हें सांगावयास नकोच.

मालकी कंपनीची झाली तरी वहिवाट लोकांची राहिली. एल्क नांवाच्या थोरल्या हरणाची शिकार, ओढ्यांतील मासे, शरद् ऋतूंतील अळंबीं, हकलबेरीचीं फळें यांसाठीं गांवोगांवचे लोक पिढ्यान् पिढ्या या रानांत जात. कंपनीलाही त्यांत स्वहित दिसत होतें. सन १९४१ मध्यें तिनें माँटेसानो गांवाजवळ लाखाहून अधिक एकरांवर ‘क्लेमन्स’ नांवाची वृक्षशेती सुरू केली. वणव्यापासून कोंवळीं झाडें वांचवावीं, आणि रानांत येणाऱ्या लोकांना आगीविषयीं दक्ष करावें, हा तिचा एक मुख्य हेतु होता. सन १९६७ मध्यें राज्यानेंही या रीतीला पाठबळ दिलें. लोकांना विनामूल्य येऊं देणाऱ्या मालकावर त्यांच्या अपघाताची जबाबदारी सहसा येऊं नये, असा कायदा झाला.

सन २०१३ च्या सुमारास हें चित्र पालटूं लागलें. आपल्या कांहीं रानांत कंपनीनें पैसे देऊन घ्यावयाचे परवाने सुरू केले. परवान्यांची संख्या मर्यादित असते. मोटारीनें जाणाराचा दर निराळा, पायीं जाणाराचा निराळा. एका परवान्यांत पतिपत्नी आणि त्यांचीं अल्पवयीन मुलें-नातवंडें यांचा समावेश होतो. भाऊ-भावजयीचा होत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हा हिशेब जरा चमत्कारिकच वाटेल!

या नियमाची अंमलबजावणी कशी होते? फाटकास कुलूप असतें. परवाना जवळ बाळगावा लागतो आणि मोटारीवर त्याची खूण लावावी लागते. विनापरवाना शिरणें हा त्या राज्यांत फौजदारी गुन्हा असून त्यास ९० दिवसांपर्यंत कैद व १,००० डॉलरपर्यंत दंड होऊं शकतो.

मालकाची बाजू पोकळ आहे असें मुळींच नाहीं. रानाच्या वाटांवर लोक घरांतील मोडकें सामान आणून टाकतात, लांकूड चोरतात, यंत्रांची नासधूस करतात. एका निष्काळजी ठिणगीनें चाळीस वर्षांचें पीक जळून जातें. कोणत्या गृहस्थानें आपल्या अंगणांत हें सोसलें असतें?

परंतु दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. सन १९७१ च्या कायद्यानें तेथील वनजमिनीस कराची सवलत मिळाली. अरण्यांपासून लोकांस काय लाभ होतात याची त्यांत जी गणना केली आहे, तींत विहाराच्या जागांचाही स्पष्ट उल्लेख आहे. सार्वजनिक हिताच्या नांवानें सवलत घ्यावी आणि त्या हिताचें दार दाम मोजणारासच उघडावें, यांत आम्हांस विसंगति दिसते. शिवाय परवान्याचा दर धनिकास जाणवत नाहीं, तो मजुराच्या घरास जाणवतो. आजोबा ज्या पाणवठ्यावर बापाला घेऊन गेले, तेथें नातवाला नेण्यासाठीं आधीं खिसा चांचपावा लागतो.

स्वीडनमध्यें सुमारें निम्में रान खासगी व्यक्तींच्या मालकीचें आहे. तरीही तेथें कोणीही पायीं जावें, फळें-अळंबीं वेंचावीं. मात्र घराजवळ जाऊं नये आणि नासधूस करूं नये. या जुन्या रिवाजास सन १९९४ मध्यें राज्यघटनेंतही स्थान मिळालें. मालकी आणि वहिवाट एकत्र नांदूं शकतात, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आमच्या मतें मोटारींस परवाना व शुल्क असणें योग्यच आहे. त्या रस्ते खराब करतात व घाणही त्यांतूनच येते. पण पायीं जाणारास, निदान आसपासच्या रहिवाशास, दार मोकळें असावें. हजारों एकरांवर पहारेकऱ्यांची नजर किती पुरणार? पहिला धूर दिसतो, कचरा टाकणारी गाडी ओळखूं येते, ती रोज त्या वाटेनें जाणाऱ्या शेजाऱ्याला. त्याला परका केला, तर कंपनी वर्षाचें शुल्क मिळवील, पण फुकटचा राखणदार गमावील.

आणि तिकडे राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस एवढेंच सांगणें कीं, रानांत पाऊल टाकण्यापूर्वीं जमीन कोणाची हें विचारावें, परवाना लागत असेल तर तो आधीं घ्यावा, आणि नेलेल्या शिदोरीचा कागदही मागें ठेवूं नये. नियम अन्यायाचा वाटला तर तो बदलण्यासाठीं जरूर बोलावें. पण कुंपणावरून उडी मारणारा मनुष्य फाटकाला दुसरें कुलूपच मिळवून देतो.