यादीत नाव नव्हतं, तरीही...

सातारा सोडून मेढ्याच्या रस्त्याला लागलात, की भल्या पहाटे ट्रॅक पँटमधली पोरं धावताना दिसतात. कुणाची पोलीस भरती, कुणाची आर्मी. आपण एसी लावून महाबळेश्वरच्या वीकेंडला निघालेले असतो आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट : यादीत नाव लागेल का?

टेन्शन ओळखीचं वाटतंय ना? प्रमोशनची लिस्ट लागते आणि आपलं नाव नसतं, तेव्हा आपलंही दुसरं काय होतं!

अमेरिकन फुटबॉलमध्ये तर अशा यादीचा सोहळाच असतो. नाव ‘ड्राफ्ट’. सात फेऱ्यांत सगळे संघ कॉलेजची पोरं निवडून घेतात. २००९ मध्ये एरियन फॉस्टर या रनिंग बॅकला, म्हणजे बॉल छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसणाऱ्या गड्याला, कुणीच निवडलं नाही. ह्यूस्टन टेक्सन्सने त्याला ड्राफ्टनंतर घेतलं. २०१० मध्ये १,६१६ यार्ड धावून तो अख्ख्या लीगमध्ये पहिला! पण अंगावर आदळणाऱ्या माणसांचा हिशेब शरीर ठेवतं. दुखापतींमागून दुखापती आल्या आणि २०१६ मध्ये, सीझन चालू असतानाच, तिशीतल्या फॉस्टरने खेळ सोडला.

अशीच एक स्टोरी आपल्या सातारा जिल्ह्यात कितीतरी आधी घडलीय. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आलेले. तरी १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड होईना. गप्प बसले असते तर विषय संपला होता. खाशाबांनी थेट पटियालाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली, ती त्यांनी मारली आणि यादीत नाव आलं.

आता पैसे? गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर सात हजारांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! दुसरं यायला १९९६ उजाडलं, तेव्हा लिअँडर पेस जिंकला. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. आणि खाशाबांनी काय केलं? कुस्त्या खेळून प्राचार्यांचं घर सोडवलं.

पुढचं टार्गेट होतं १९५६ चं मेलबर्न. या वेळी आडवी आली ती निवड समिती नाही, गुडघ्याची दुखापत. समितीकडे दाद मागता येते. गुडघ्याकडे कुठे मागणार? ऑलिंपिकचा विषय तिथेच संपला.

पण माणूस संपला नाही. १९५५ मध्येच ते सब-इन्स्पेक्टर म्हणून पोलिसात लागले होते. सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. कौतुक मात्र उशिरा आलं. १९८४ मध्ये रस्ता अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर.

म्हणून सांगतो, यादीत नाव नसेल तर एकदा तरी दाद मागा. आणि धावपळ करताना गुडघा सांभाळा, कारण दुसरी इनिंगही त्याच्याच जोरावर खेळायची असते. मेढ्याच्या रस्त्यावर ती पोरं दिसली, तर काच खाली करून एक अंगठा तरी दाखवा. पहिल्या वैयक्तिक पदकाचा मानकरीही शेवटी पोलिसातलाच होता!