७२ पैकी ३६

लंडन : धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांच्या पाट्या वाचत मोठा झालेला नागपूरकर इथे आला की एका गोष्टीनं चक्रावतो. इंग्लंडमध्ये उद्या कुणीही दारावर ‘सायकोथेरपिस्ट’ अशी पाटी ठोकली, तरी कायदा आडवा येत नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला मात्र २००९ पासून नोंदणी लागते. चहाच्या रांगेलाही नियम असणाऱ्या देशात ही फट कशी राहिली, कोण जाणे!

सरकारी आरोग्यसेवेनं पाटीचा नाद सोडून शिकवण्यावर जोर दिला. अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या खटपटीतून २००८ साली नैराश्य आणि चिंतेवर बोलून उपचार करणारी देशव्यापी योजना सुरू झाली. थेरपिस्ट होतेच कमी. हजारो नव्यानं घडवायचे होते. त्यातली सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती, शिकणारा वर्षभर आठवड्याचे दोन दिवस विद्यापीठात असतो आणि तीन दिवस रुग्णांसमोर.

घाम फोडते ती टेप. रुग्णाच्या संमतीनं अख्खी भेट रेकॉर्ड होते. परीक्षक ती ऐकून १२ मुद्द्यांवर ० ते ६ गुण देतात. ७२ पैकी ३६ मिळाले तर पास. आज काय बोलायचं हे दोघांनी मिळून ठरवलं का, घरी करायचं काम नीट समजावलं का, वेग कसा होता, असं सगळं तपासलं जातं. रुग्णाचा आवाज कापरा झाला आणि शिकाऊ थेरपिस्टनं घाबरून पुढचा प्रश्न टाकला, तर तेही ऐकू येतं. निबंधात ते लपवता येतं.

हे श्रीमंत देशाचे चोचले म्हणावेत, तर आपल्याकडची उदाहरणं आडवी येतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक उभे केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

माणसं येऊ लागली, पण समोर बसलेल्याचं काम चांगलं आहे का, हे कोण सांगणार? गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं त्यावर तोड काढली. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना त्यांनी सहा ते आठ भेटींचा उपचार शिकवला. मग हे समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या टेपा ऐकायचे आणि गुण द्यायचे. शेजारच्या खुर्चीवरच्याला कमी गुण देणं सोपं नसणार. तरी त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले.