पॉइंट गेले, कॉइल तापली
जुन्या पेट्रोल जीपचे सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, की ती झटकन सुरू होते. मग कमलनगरहून उदगीरला जाताना भर उन्हात अचानक बंद पडते. कॉइल निवली, की पुन्हा चालते. लगेच नवी कॉइल घेण्याची घाई नको. तारा सोडवून कॉइलच्या दोन लहान टोकांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. १२ व्होल्टवर ३ ओहमची कॉइल ४ अँपिअरपर्यंत, दीड ओहमची मात्र ८ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते, उष्णताही दुप्पट. म्हणूनच अशा कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर असतो आणि किट बसवताना पुष्कळदा तोच वगळला जातो. किटच्या पत्रकानुसार मॉड्युलला थेट बॅटरीचा, कॉइलला रेझिस्टरमधून पुरवठा द्यावा किंवा ३ ओहमची कॉइल लावावी. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवल्यास मात्र योग्य कॉइलही जळू शकते.