नियोजनातील लोकसहभाग : केव्हा?

सार्वजनिक योजनेत लोकांचा सहभाग असावा, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो हा सहभाग केव्हा मागावा याविषयी.

समूहविकास कार्यक्रमाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९४८ साली इटावा जिल्ह्यात अल्बर्ट मेयर यांच्या कल्पनेतून जो प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, त्यात गावकऱ्यांना जाणवणाऱ्या गरजा प्रथम समजून घ्याव्यात व मग कामे हाती घ्यावीत, अशी दृष्टी होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनिशी हा कार्यक्रम देशव्यापी झाला, तेव्हा घोषित तत्त्व तेच राहिले. परंतु उद्दिष्टे व खर्चाचे आराखडे वरून येऊ लागले. लोकांचा वाटा श्रमदान, रोकड व वस्तू या रूपाने मोजला जाई. दुसऱ्याने ठरविलेल्या कामाला लावलेला हा हातभार होता. त्याला सहभाग म्हणणे कठीण आहे. लोकांचा पुढाकार जागविण्यात कार्यक्रमाला यश आले नाही, असे बळवंतराय मेहता समितीने १९५७ साली नमूद केले व निर्णयाचा अधिकारच स्थानिक निर्वाचित संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा १९६२ साली अस्तित्वात आल्या.

तथापि, जुनी सवय सुटलेली नाही. पर्यावरणीय मंजुरीविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणीची तरतूद आहे. पण ती परिणाम-अहवालाचा मसुदा तयार झाल्यावर. अभ्यास कशाचा करावयाचा, हे तोवर तज्ज्ञ समितीने ठरविलेले असते. अशा वेळी नागरिकाला विरोध नोंदविता येतो, पर्याय सुचविण्याची संधी क्वचितच मिळते.

यावर प्रशासकांचा एक आक्षेप असतो, आणि तो पोकळ नाही : समोर आराखडाच नसेल तर लोकांनी बोलावे कशावर? पुरंदर तालुक्यातील नायगावचा अनुभव येथे उपयोगी पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्यात लोकांपुढे ठेवलेला प्रश्न यंत्राचा वा नळाच्या व्यासाचा नव्हता. तो वाटपाचा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यावयाचे, भूमिहीनालाही हक्क, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही, आणि ऊस लावावयाचा नाही. योजनेत येणाऱ्याने हे नियम मान्य करावयाचे व खर्चाचा काही भाग स्वतः उचलावयाचा. अवर्षणग्रस्त भागात उसाचा मोह सोडणे किती अवघड, हे जाणणाऱ्यास यातील शेवटच्या अटीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.