धाकट्याला रमवायचे कोणी?

पावसाळा आला की भांडुपच्या टेकडीवरच्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो. दिवसभर घरात अडकलेल्या लहान मुलांचे करायचे काय? हनुमान नगर म्हणा, तुळशेतपाडा म्हणा, टेंभीपाडा किंवा खिंडीपाडा म्हणा, पाट्या वेगळ्या असल्या तरी खोली तीच. दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात गॅस, भिंतीला कपाट आणि डोक्यावर पत्रा. बाहेर पायऱ्यांवरून पाणी धो धो वाहत असते. गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, तिथे मुलांनी खेळायचे कुठे? त्यात दरडीची धास्ती आहेच. अशा खोलीत तीन वर्षांचे चळवळे मूल सकाळपासून रात्रीपर्यंत सांभाळणे ही थट्टेची गोष्ट नाही.

या प्रश्नाला आपल्या घरांनी दोन उत्तरे शोधून काढली आहेत. पहिले उत्तर म्हणजे मोबाइल. मूल रडले, दे मोबाइल. जेवत नाही, दे मोबाइल. दुसरे उत्तर मोबाइलहून जुने आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ते उत्तर म्हणजे ताई.

ही ताई आठ-नऊ वर्षांची असते. आई चार घरची कामे करायला किंवा कारखान्यात गेलेली, वडील ड्युटीवर. धाकट्याला कडेवर घ्यायचे, भरवायचे, झोपवायचे, रडला तर खेळवायचे, ही सारी कामे तिच्याकडे. तिची शाळा दुपारची असली तर सकाळचा अभ्यास बुडतो. सकाळची असली तर आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस शाळाच बुडते. ‘आमची पोरगी फार समजूतदार आहे हो’ असे कौतुक सगळे करतात. पण तिची अभ्यासाची वही कोरी का राहिली, हे कोणी विचारत नाही. वस्तीतल्या पालकांच्या बैठकांत आम्ही हा विषय काढला की क्षणभर शांतता पसरते. मग एखादी माउली विचारते, ‘पोरीनं नाही बघायचं तर मी कामावर जाऊ कशी?’ तिचा प्रश्न रास्त आहे. तिला दोष देऊन चालणार नाही. पण म्हणून ताईच्या शिक्षणावर पाणी सोडूनही चालणार नाही.

हा प्रश्न आजचा नाही आणि एकट्या भांडुपचाही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रुळला आहे, त्याच्या मुळाशी हे अंगण आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, ती त्यानंतर तीस वर्षांनी.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या आदिवासी पाड्यांवर त्यांना जे दिसले, तेच आज आपल्या टेकडीवर दिसते. मोठी मुले शाळेत येत नव्हती, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे होती. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवारात आणल्या आणि त्याला नाव दिले ‘विकासवाडी’. धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात. धाकट्याची सोय झाल्याशिवाय थोरली शिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने गरिबाच्या मुलाला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी दगड, शिंपले, बिया, पाने, माती आणि काड्या यांनाच शिक्षणाची साधने बनवले. मुलाला रमवायला दुकानातले खेळणे लागत नाही, हे महाराष्ट्रात तेव्हाच सिद्ध झाले आहे.

आता आपल्या घराचा हिशेब मांडू. आम्ही पडलो कारकून, त्यामुळे जमा-खर्चाशिवाय बोलणे सुचत नाही. दिवसाचे तास चोवीस. नोकरी नऊ तास, लोकलची ये-जा दोन तास, झोप सात तास. उरले सहा. त्यातून अंघोळ, जेवण, बाजार आणि शेजाऱ्याशी गप्पा वजा केल्या तरी अर्धा तास शिल्लक पडतोच. तो अर्धा तास धाकट्याच्या खात्यावर जमा करायचा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने, आणि त्यात वडील आले, आजोबा आले, कॉलेजात जाणारा काकाही आला. ‘मुलं सांभाळणं हे बायकांचं काम’ असे म्हणणाऱ्या बापाला समतेवर भाषण करण्याचा अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अर्ध्या तासात करायचे काय? खाली दिलेल्या गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

एक ते तीन वर्षे

या वयाच्या मुलाला आपली भांडी हेच सर्वांत मोठे खेळणे. स्टीलचे लहान-मोठे डबे आणि त्यांची झाकणे समोर ठेवा. कोणते झाकण कुठे बसते, हे शोधण्यात ते वीस मिनिटे रमते. डबा पालथा घातला की ढोल होतो. ओढणीआड तोंड लपवून ‘कुठं गेले बाबा?’ म्हणा, दहा वेळा केले तरी अकराव्या वेळी ते हसते. आईने कणीक मळताना सुपारीएवढा गोळा त्याच्या हाती द्यावा. परातीत चार बोटे पाणी, एक पेला आणि एक चाळणी दिली तर पेल्यात पाणी राहते आणि चाळणीतून का गळते, हा शोध ते स्वतः लावते. या सगळ्यात तोंडाने बोलत राहा. ‘भरलं, सांडलं, मोठं, लहान, आत, बाहेर’ असे शब्द मूल असेच शिकते. मोबाइल मुलाशी बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही.

तीन ते सहा वर्षे

या मुलांना खरी कामे आवडतात. मटार सोलताना एका शेंगेत किती दाणे निघाले ते मोजू द्या. दारातल्या चपलांच्या जोड्या लावू द्या. वाळलेल्या कपड्यांतले बाबांचे कोणते, आजीचे कोणते, ते वेगळे काढू द्या. काम हळू होईल, थोडे सांडेल, पण मूल वर्गवारी शिकेल. शाळेतले गणित याच पायावर उभे राहते. मुलग्यालाही हे काम द्या. भातुकली मुलींची आणि गाडी मुलग्यांची, ही वाटणी घरातूनच मोडायला हवी.

जुन्या वर्तमानपत्राची होडी, टोपी आणि पंखा आपल्यापैकी बहुतेकांना येतोच. कॅलेंडरची फाडलेली पाने फेकू नका, मागची कोरी बाजू चित्रांसाठी आहे. रात्री वीज गेली तर कुरकुर न करता बॅटरी भिंतीवर रोखा आणि हाताच्या सावल्यांचे हरीण, कुत्रा, पक्षी करून दाखवा. आणि गोष्ट सांगा. आजीला वाचता येत नसेल तरी तिला कोडी येतात, गावाकडच्या ओव्या येतात. ते धन तिच्याबरोबर संपण्याआधी नातवंडांच्या कानी पडू द्या.

सहा वर्षांपुढील मुले

लादीवर खडूने पाच ओळी, पाच स्तंभ अशी पंचवीस घरे आखा आणि मुलांना चल्लस शिकवा. फासे म्हणून चार अर्धे चिंचोके. ते मोठ्यांनी फोडून द्यावेत. जितके पांढरे वर, तितकी घरे पुढे. चारही पांढरे पडले तर चार आणि चारही काळे पडले तर आठ. हरणे-जिंकणे, वाट पाहणे आणि मनातल्या मनात बेरीज करणे, हे सारे त्यात आले.

आपल्या गळक्या पत्र्याचाही उपयोग आहे! उन्हाच्या दिवशी बारीक भोकातून लादीवर कवडसा पडतो. भोक वेडेवाकडे असले तरी लांबवर पडणारा तो ठिपका गोलसर दिसतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. दर अर्ध्या तासाने मुलाला त्या ठिपक्याभोवती खडूने खूण करू द्या. ठिपका सरकताना पाहून ‘असं का?’ हा प्रश्न ते स्वतः विचारील. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी मुंबईत खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा असेच कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. ग्रहणात मुलांना देवघरापाशी बसवून ठेवण्यापेक्षा जमिनीवरची ती कोर दाखवणे केव्हाही चांगले. सूर्याकडे मात्र थेट पाहू देऊ नये.

पावसाळ्यात सरळ भिंतींचा रिकामा डबा उघड्या जागी ठेवा आणि सकाळी पट्टीने पाणी मोजून भिंतीवरच्या कागदावर लिहा. झाला पर्जन्यमापक. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो आकडा मुलाला भिंतीवर पट्टीने मोजून दाखवा. साधारण तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीइतका भरतो! मग प्रलय म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. गढूळ पाण्याच्या बाटलीत तुरटी फिरवा आणि थोडा वेळ थांबा. गाळ तळाशी बसतो. आपल्या भांडुप संकुलाच्या जलशुद्धीकरण केंद्रातही आधी गाळ बसवतात, मग पाणी गाळतात आणि त्यात क्लोरीन घालतात. मुंबईच्या मोठ्या भागाची तहान भागवणाऱ्या केंद्राच्या शेजारी आपण राहतो, हे मुलांना कळू द्या. बाटलीतले पाणी मात्र पिऊ देऊ नका.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचा ज्यांनी ध्यास घेतला, ते अरविंद गुप्ता कानपूरच्या आयआयटीत शिकलेले इंजिनिअर. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्यांनी मुलांना भूमिती शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी करण्याची कृती कोणालाही फुकट पाहता येते. मोबाइल हाती घ्यायचाच असेल तर अशी कृती मोठ्यांनी पाहावी आणि मोबाइल बाजूला ठेवून मुलांबरोबर करावी.

थोडी काळजीही हवी. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके, मणी, नाणी किंवा बटणे देऊ नयेत, ती घशात अडकतात. पाण्याची बादली आणि पिंप यांजवळ मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या हे खेळणे नव्हे.

मोबाइलविषयी आम्ही सांगतो ते मनाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासाहून अधिक नको, कमी असेल तितके बरे. याच वयाच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हायला हवी. मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसलेल्या मुलाची ती कुठून होणार?

आता पुन्हा त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. ती कामावर गेल्यावर धाकट्याला कोणी बघायचे? आमची सूचना अशी. जवळच्या अंगणवाडीत मुलाचे नाव आधी घाला. तो सहा वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी असलेला हक्काचा कार्यक्रम आहे. तिची वेळ थोडी असते, म्हणून उरलेल्या वेळेसाठी गल्लीतल्या सहा-सात घरांनी आळीपाळी लावावी. आज या घरची आजी, उद्या रात्रपाळी करून दुपारी घरी असलेले त्या घरचे काका. समाजमंदिराचा, विहाराचा हॉल दुपारी बहुधा रिकामाच असतो. तिथे सतरंजी टाकली, डबे, खडू आणि जुनी वर्तमानपत्रे ठेवली की बालवाडी सुरू. जयंतीची वर्गणी गोळा करायला जी मंडळे घरोघर फिरतात, त्यांना ही आळीपाळी लावणे अवघड जाऊ नये. आणि वस्तीत पाळणाघर हवे, ही मागणी नगरसेवकाकडे लेखी द्यावी, पोच घेऊन.

मुलांच्या खेळण्याच्या हक्काला १९८९ च्या बालहक्क संहितेत एकतिसावे कलम आहे. भारताने १९९२ साली ती संहिता स्वीकारली. तो हक्क धाकट्याचा आहे, तसाच नऊ वर्षांच्या ताईचाही आहे. म्हणून पालकहो, आज संध्याकाळी घरी पोचलात की हातपाय धुऊन धाकट्याला तुमच्याजवळ घ्या, आणि ताईला सांगा, ‘तू वही काढ.’