छातीचा फोटो खिडकीशी धरून बघा

८ नोव्हेंबर २०२५ला राँटजेनने लावलेल्या एक्स-रेच्या शोधाला १३० वर्षं झाली. जागतिक रेडिओग्राफी दिनाच्या शुभेच्छा दिवसभर मोबाइलवर फिरल्या, नव्या यंत्रांचं कौतुकही झालं. राँटजेनची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी आपल्या घरातल्या पाकिटाबद्दल लिहितोय. मालवणात कित्येक घरांत कपाटावर एक मोठं पाकीट पडलेलं असतं. 'डॉक्टरान फोटो काढूक सांगल्यान' म्हणून काढलेला आजोबांच्या छातीचा एक्स-रे त्यात असतो. फोटो निघाला की आपलं समाधान होतं. तो नीट निघाला का, हे कुणी विचारत नाही.

ते पाकीट आज उघडा आणि फिल्म खिडकीच्या उजेडाशी धरा. रोग डॉक्टर शोधतील, आपण फक्त काम कसं झालंय ते बघायचं. नाव, तारीख आणि उजवी-डावी बाजू सांगणारं अक्षर आहे ना? आता कडा बघा. वर फुप्फुसांची टोकं आणि खाली दोन्ही कोपरे पूर्ण दिसायला हवेत. क्षय बहुधा वरच्या टोकाशी घर करतो आणि पाणी आधी खालच्या कोपऱ्यात साचतं. कड कापली गेली, तर नेमकी तीच जागा चित्राबाहेर राहते.

मग बरगड्या मोजा. पाठीकडच्या नऊ-दहा बरगड्या फुप्फुसांवर दिसल्या, तर श्वास पुरेसा भरला होता. अर्ध्या श्वासात फुप्फुसांचा तळ दाटून पांढरा दिसतो आणि न्यूमोनियाचा संशय येतो. गळ्याच्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर नसतील, तर माणूस तिरका उभा होता. हृदयाच्या सावलीमागे मणके पुसटसे दिसावेत. अजिबात दिसत नसतील तर किरण कमी पडले, आणि ठळक दिसत असतील तर जास्त.

किरणांचं हे गणित दोन आकड्यांवर चालतं. केव्ही म्हणजे भेदण्याची ताकद, एमएएस म्हणजे किरणांचं प्रमाण. तिसरी गोष्ट अंतर. छातीसाठी ते सहा फूट ठेवतात, छाती प्लेटला टेकवतात आणि किरण पाठीमागून सोडतात. हृदय पुढच्या बाजूला असतं, त्यामुळे ते प्लेटजवळ येतं आणि त्याची सावली फुगत नाही. खाटेवर झोपवून वरून काढलेल्या फोटोत तेच हृदय मोठं दिसतं, आणि घरात उगाच काळजी शिरते.

पण आकडे यंत्रात भरता येतात, माणूस उभा करावा लागतो. मागे एका एक्स-रे खोलीबाहेर बसलो होतो. मासे विकणारी एक म्हातारी आत गेली. तंत्रज्ञ मुलीने तिची वेणी वर बांधली, गळ्यातली पोत हातात काढून घेतली, खांदे पुढे ढकलले, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मग दार लागलं आणि आतून आवाज आला, "आजये, भरपूर श्वास घे. आता धर. सोडू नको हां." क्षणात काम झालं. वेणीची सावली फुप्फुसातल्या डागासारखी दिसू शकते. ती मुलगी तो डाग आधीच पुसत होती.

हे सगळं का महत्त्वाचं? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात ४२.६ टक्के रुग्ण फक्त एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते निसटले असते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला आणखी एक कारण आहे. कणकवली तालुक्यात कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळूच्या खाणी आहेत. सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली, तर सिलिकोसिस होऊ शकतो आणि क्षयाचा धोकाही वाढतो. सिलिकोसिसचे सुरुवातीचे ठिपके दीड मिलिमीटरहूनही लहान असू शकतात. फोटो जरा हलला की ते विरघळतात, किरण जास्त पडले की बुडतात, कमी पडले की नसलेले ठिपके असल्यासारखे वाटतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणात रोग वाचण्याआधी फिल्मलाच चारपैकी एक श्रेणी द्यावी लागते. चौथी श्रेणी म्हणजे वाचण्यालायक नाही. कामगाराची भरपाई त्या फिल्मवर अडू शकते.

डिजिटलमुळे हा प्रश्न सुटला, असं मानू नका. जुन्या फिल्मवर किरण जास्त झाले की ती काळी पडायची आणि चूक तिथल्या तिथे कळायची. आता संगणक चित्र सावरून घेतो, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त डोस दिला तरी फोटो सुरेखच दिसतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक्स्पोजरचा आकडा येतो, तो कुणीतरी रोज वाचायला हवा. ट्यूबलाइटपुढे फिल्म धरून तिचा मोबाइलवर काढलेला फोटो गोव्यातल्या बांबोळीच्या डॉक्टरांना पाठवणं हीसुद्धा आपली सवय झाली आहे. त्यात बारीक ठिपके कुठून पोचणार?

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार एक्स-रे यंत्राला परवाना लागतो आणि दर दोन वर्षांनी त्याची गुणवत्ता तपासावी लागते. माझी मागणी त्याच्या एक पाऊल पुढची आहे. महिन्यात किती फोटो पुन्हा काढावे लागले आणि का, याची वही प्रत्येक एक्स-रे विभागात असावी. श्वास, हालचाल, तिरकेपणा, कापलेली कड, असे चार रकाने पुरेत. दोष कुठे आहे ते महिन्याभरात समजेल आणि म्हाताऱ्या माणसांच्या परत फेऱ्या वाचतील.

आणि आपण? छातीच्या एका एक्स-रेचा डोस म्हणजे निसर्गातून दहा दिवसांत अंगावर येतात साधारण तेवढे किरण. त्यामुळे 'नीट आला नाही, परत काढूया' असं कुणी म्हणालं, तर चिडू नका. पोत काढून द्या, सरळ उभे राहा आणि 'धर' म्हटल्यावर श्वास खरंच धरा.